दीड वाजताचा डबा

आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकापासून सात मिनिटांच्या चालीत जेवण बांधून देणाऱ्या अकरा जागा होत्या. पाच ठिकाणी बसायला बाकं होती, चार नुसत्या खिडक्या होत्या आणि दोन हातगाड्या होत्या. हातगाड्यांतली एक मंगळवारी यायची नाही. अकरांपैकी तीन ठिकाणी तळलेलं सोडून काही मिळत नसे. दोन ठिकाणी भाजी असायची, पण ती चमच्याने शोधावी लागे. एका ठिकाणी सगळं उत्तम होतं आणि किंमत वाचली की भूकच मरायची. आणखी एका ठिकाणची रांग अठ्ठावीस मिनिटांची होती, आणि आमची जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची. उरल्या चार.

हे सगळं मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात स्वतःसाठी मोजलं होतं. अंतर पावलांत, रांग मिनिटांत, डब्याचं वजन ग्रॅममध्ये. किंमत मात्र मी चहांत लिहायचे, कारण फाटकावरच्या चहाचा भाव मला पाठ होता, आणि जेवण चार चहांच्या वर गेलं की माझा महिना पंचवीस तारखेलाच संपायचा. वजनासाठी पिशवीत एक छोटा काटा असे.

"तू जेवायला जातेस की छापा घालायला?" ड्रायव्हरकाका विचारायचे.

आमची प्रयोगशाळा पिण्याचं पाणी तपासते. शहरात एकतीस ठरलेले नळ आणि टाक्या आहेत. तिथले नमुने बर्फाच्या पेटीतून आणायचं काम काका बावीस वर्षं करत होते. माझ्या पहिल्या दिवशी बाटली भरायला त्यांनीच शिकवलं. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. आणि चिठ्ठीवर जागा, तारीख आणि वेळ लिहायची.

"वेळ नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट," ते म्हणाले होते. "पोस्टमन बिचारा काय करणार?"

मला ते 'शास्त्रज्ञ' म्हणायचे. त्यात अर्धं कौतुक होतं आणि अर्धी टवाळी. प्रमाण दिवसागणिक बदलायचं.

चौथ्या महिन्यात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. काकांचा रक्तदाब १४८ वर ९४ भरला. नियमाप्रमाणे तो १४० वर ९० च्या आत हवा. गोळी आधीपासून चालू होती. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची मुदत दिली आणि बजावलं, मीठ कमी करा, दुपारच्या जेवणात दोन ग्रॅमच्या वर नको. सहा आठवड्यांनी आकडा खाली आला नाही, तर किल्ली जमा करायची आणि तळघरातल्या भांडारात बसायचं. तिथे खिडकी नाही. रिकाम्या बाटल्या आत येतात, रिकाम्या बाटल्या बाहेर जातात.

"बावीस वर्षं कंपनीचं मीठ खाल्लं," काका हसत म्हणाले, "आता ते रक्तात चढलंय." पण गाडीची किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. त्या दुपारी त्यांनी गाडी धुतली, आणि ती सकाळीच धुऊन झाली होती.

घरची बाजू काकूंनी सांभाळली. मिठाची बरणी त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. काकांची उंची त्यांना माहीत होती. प्रश्न दुपारचा होता. काकू रुग्णालयाच्या धुलाईखान्यात पहाटे पाचच्या पाळीला जायच्या, म्हणून सकाळी डबा नाही. काकांना स्वयंपाकातलं फक्त पाणी उकळणं यायचं, आणि काकूंच्या मते तेही करपायचं. शिवाय नमुन्यांच्या गाडीत अन्न ठेवायला बंदी. म्हणजे जेवण विकतच घ्यायचं, फाटकापासून सात मिनिटांच्या आत, चार चहांच्या आत.

माझ्या वहीत मिठाचा रकाना नव्हता. पण पाण्यातलं मीठ मोजणं हे आमचं रोजचंच काम. पाण्यात पिवळा रंग घालायचा, वरून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, आणि पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. जितकं मीठ जास्त, तितके थेंब जास्त. मी दिवसाला वीस वेळा हे करत होते. मग डब्यातलं का नाही?

मी मॅडमकडे गेले. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"खायचं अन्न प्रयोगशाळेत येत नाही," त्या म्हणाल्या.

"खायचं नाहीच मॅडम. नमुना आहे."

"आणि सिल्व्हर नायट्रेट काय आभाळातून पडतं?"

"सोळा वेळा करेन. एका वेळेला पाच मिलीच्या आत."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे चष्म्यावरून आणि थोडा वेळ चष्म्यातून पाहिलं. "नवीन मुलीचा सराव, असं लिही. आणि मिक्सरचं भांडं तुझं तू आण."

सोमवार ते गुरुवार, रोज एक जागा. सुट्टी लागली की मी डबा आणायचे, वजन करायचे, अख्खा डबा एकजीव वाटायचे, त्यातलं दहा ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून गाळायचे, आणि एकेक नमुना चार वेळा तपासायचे. भाज्या घातलेल्या नूडल्स : एका डब्यात ५.६ ग्रॅम मीठ. सूप आणि पाव : ३.९. अंडं आणि कोबीचं सँडविच : ३.३. चौथी जागा म्हणजे हिरव्या दाराची खिडकी. आत एक मावशी एकट्याच काम करायच्या. त्या एकच पदार्थ करत. तांदूळ, घेवड्याचे दाणे, गाजर, दुधी आणि पालेभाजी एकाच मोठ्या पातेल्यात शिजवलेली, सरबरीत, वर थोडी मिरी. ४३० ग्रॅमचा डबा, साडेतीन चहांच्या किमतीत. मीठ १.८ ग्रॅम.

मी निकाल कागदावर नीट उतरवून काकांना दिला.

"म्हणजे आता मी रोज हेच खायचं?"

"सहा आठवडे."

"शिक्षा डॉक्टरांनी दिली आणि अंमलबजावणी तू करणार." पण कागद त्यांनी चार घड्या करून परवान्याच्या पाकिटात ठेवला.

काका नमुने घेऊन परतायचे दीडच्या सुमाराला. बाटल्या उतरवायच्या, सह्या करायच्या, मग मावशींची खिडकी. त्यांना ते जेवण आवडलंही. "दाट असतं. पोटाला टेकू मिळतो," असं ते म्हणायचे. मी खूश होते. प्रश्न सुटला होता, आणि तो मी सोडवला होता.

दर शुक्रवारी प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टर त्यांचा दाब घ्यायच्या. पहिला शुक्रवार : १४७. दुसरा : १४९. तिसरा : १४६.

तीन आठवडे गेले होते आणि आकडा जागच्या जागी होता. आता शास्त्र शिकलेल्या माणसाने काय करावं? आपली मोजमापं पुन्हा तपासावी. मी काय केलं? काकूंना फोन केला.

"काकू, काका चोरून काही खातात का हो? खारे दाणे वगैरे?"

पलीकडे धुलाईयंत्र गरगरत होतं. "चोरून खाणारा माणूस नाही गं तो," काकू मोठ्याने म्हणाल्या. "खाल्लं तर सांगून खाईल आणि वर भांडेल. का गं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. काही नाही म्हटलं की काय होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पावणेदोनला काका थेट माझ्या टेबलाशी आले. एरवी ते दारातूनच हाक मारायचे. हातात मावशींचा डबा होता, न उघडलेला, अजून गरम.

"चौकशी घरापर्यंत पोचली म्हणे."

"काका, तसं नाही..."

"बावीस वर्षांत एक नमुना मी नळावर न जाता भरलेला नाही. पाऊस असो, ताप असो. आणि तू माझ्या बायकोला विचारतेस, नवरा चोर आहे का?" आवाज त्यांनी चढवला नव्हता. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "हा घे डबा. तुझ्यासमोर ठेवतो. तपास. आणि तुझा तो पहिला कागद काढ, ज्याच्यावर एक पूर्णांक आठ लिहिलंय."

मी वही उघडली. मूळ नमुन्याची चिठ्ठी पानावर डकवलेली होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, चिठ्ठीवर बोट ठेवलं, आणि एकेक ओळ वाचत खाली आले. जागा. तारीख. वजन. बोट थांबलं.

"वेळ कुठाय?"

मी पाहिलं. चिठ्ठीवर वेळ नव्हती. चारही चिठ्ठ्यांवर नव्हती. पाण्याच्या प्रत्येक बाटलीवर मी ती न चुकता लिहीत होते, पण डबा हा माझ्या लेखी नमुना असला तरी जेवणच होता, आणि जेवणाची वेळ कोण लिहितो?

"बाराला सुट्टी लागते," मी म्हटलं. "म्हणजे बारा-पाचला घेतला असणार."

"आणि मी कधी घेतो?"

"पावणेदोनला."

काकांनी चष्मा घडी करून खिशात घातला. "पोस्टमन बिचारा काय करणार," ते म्हणाले आणि उपाशीच खाली गेले.

डबा वाटला, पातळ केला, गाळला. बारा-पाचच्या नमुन्याला अडीच मिली द्रावण लागलं होतं. अडीचला पाणी पिवळंच राहिलं. तीनला पिवळं. साडेतीनला पिवळं. विटकरी रंग आला तो ४.३ ला. मी चार वेळा केलं, आणि चारही वेळा तेच. डब्यात ३.१ ग्रॅम मीठ होतं.

तीन आठवडे मी काकांना सँडविचइतकं मीठ खाऊ घालत होते, आणि वर पहारा ठेवत होते.

सोमवारी मी मॅडमकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर खरं ते सांगितलं. "चिठ्ठीवर वेळ लिहिली नव्हती?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी अर्जावर सही केली आणि म्हणाल्या, "आता आयुष्यात विसरणार नाहीस."

साडेअकराला मी हिरव्या दाराशी होते.

"आज लवकर?" मावशींनी विचारलं. त्यांच्या हातात लांब दांड्याचं खोलगट ओगराळं होतं. एक ओगराळं म्हणजे एक डबा, डोळे मिटूनही चुकायचं नाही. मी काट्यावर तीन डबे पाहिले होते : ४३०, ४३१, ४२९.

"मावशी, मला आत उभं राहून पातेल्याकडे बघायचंय. दीड-पावणेदोनपर्यंत."

"का? ते पळून जाणारे?"

मग मी सगळं सांगितलं, काकांचं, किल्लीचं, मिठाचं. अर्ध्यातच मावशींचं ओगराळं कमरेवर गेलं.

"माझ्या हाताला मीठ जास्त आहे म्हणतेस?"

"हाताला नाही. सकाळी मीठ अगदी बरोबर असतं. दुपारी वाढतं."

"दुपारी मी कणभर मीठ घालत नाही. मिठाचा डबा अकराला बंद होतो तो दुसऱ्या दिवशी उघडतो. बस इथे, बघ तुझ्या डोळ्यांनी!"

मी उलट्या टोपलीवर बसले. खरंच, मिठाचा डबा उघडला नाही. पातेलं रुंद होतं, बारीक आचेवर, उघडं, आणि वरून वाफेचा जाड पट्टा सतत खिडकीकडे जात होता.

"झाकण का ठेवत नाही?"

"झाकलं तर वास कोंडतो. वास हीच माझी पाटी. मला काय रंगवलेली पाटी परवडते?"

साडेअकराला पातेल्यात किती माल होता, तो मावशींना पाठ होता. सेहेचाळीस ओगराळी. मी दर डब्याला वहीत एक रेघ ओढत गेले. पावणेदोनपर्यंत अठ्ठावीस रेघा झाल्या. मग मी विनंती केली आणि मावशींनी कुरकुरत उरलेलं मोजून दुसऱ्या भांड्यात ओतलं. सात ओगराळी.

"अठ्ठावीस विकले, सात उरले," मी म्हटलं. "पस्तीस. आणि सुरुवातीला होते सेहेचाळीस."

मावशी बोटांवर हिशेब करत राहिल्या. एकदा पातेल्यात डोकावल्या. एकदा माझ्याकडे संशयाने पाहिलं, मी ओगराळी पिशवीत घालून नेईन अशा नजरेने.

"अकरा कुठे गेली?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. वाफ जातच होती. "नुसतं पाणी गेलं. मीठ वाफेबरोबर जात नाही, ते मागे राहतं. आणि पातेलं जसं रिकामं होतं, तसं तेच पाणी कमी मालातून जायला लागतं. म्हणून शेवटच्या डब्यांना सगळ्यात जास्त फटका."

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाल्या, "माझे अकरा डबे रोज हवेत जातात?"

मी याकडे त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. "तसंही म्हणता येईल."

"आणि तू मला हे आत्ता सांगतेस? तीन आठवडे येतेस ना इथे?" त्यांनी ओगराळं काठावर आपटलं. "तरीच दीडनंतर ते ट्रकवाले गर्दी करतात. दाट मिळतं ना मेल्यांना!"

मी वहीत भागाकार करत होते. अकरा ओगराळी, सव्वादोन तासांत. आच तीच, पातेल्याचं तोंड तेच, म्हणजे वाफ साधारण सारख्या वेगाने जाणार. दर अर्ध्या तासाला—

"अडीच," मावशी म्हणाल्या. "अर्ध्या तासाला अडीच ओगराळी उकळतं पाणी घालायचं आणि ढवळायचं. बाजूच्या शेगडीवर पाणी असतंच."

माझ्या वहीत २.४ आलं होतं. मी २.५ लिहिलं.

मंगळवारी पावणेदोनला मी मावशींकडून डबा आणून तपासला. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ. मीठ १.९ ग्रॅम. तो कागद घेऊन मी गाडीपाशी गेले. काका टायरमधली हवा बघत होते.

"काका, चूक माझी होती. तुमच्यावर संशय घेतला तीही, आणि मोजण्यातलीही. तीन आठवडे तुमचे वाया गेले."

त्यांनी कागद घेतला. आकडा नाही, वेळच आधी वाचली. "एक वाजून पंचेचाळीस," ते म्हणाले. "आता पोचेल पाकीट." मग टायरकडे पाहत, "काकूला फोन कर आज. ती तुला ओरडायला थांबलीये. मी म्हटलं, माझ्या वाटचंही तूच ओरड."

मी फोन केला. काकू सात मिनिटं ओरडल्या आणि शेवटी रविवारी जेवायला ये म्हणाल्या, अळणी.

मावशींच्या खिडकीवर एक-दोन ट्रकवाल्यांनी तोंड वाकडं केलं. "मावशी, आज पातळ केलंत. पाणी घालून विकायला लागलात?"

"घालत नाही, परत करते," मावशींचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "बाराच्या गिऱ्हाइकाला जे मिळतं तेच तुला मिळतंय. फुकटचं दाट खाऊन खाऊन गाल बघ तुझे!" गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट त्या आठवड्यात मावशींनी दोन वाजेपर्यंत सदतीस डबे विकले, कारण रांगेत मागे उभ्या असलेल्यांनाही आता ते पुरत होतं.

चौथा शुक्रवार : १४२. सिस्टर म्हणाल्या, घाईने जिना चढून आलात का? काका म्हणाले, जिना बावीस वर्षं तोच आहे. पाचवा शुक्रवार : १३९. त्या दुपारी त्यांनी मला उगाचच अठराव्या नळाची जुनी गोष्ट सांगितली, कुत्रा आणि बर्फाच्या पेटीची. मी ती चार वेळा ऐकली होती आणि पाचव्यांदाही हसले.

सहाव्या आठवड्याच्या गुरुवारी फेरतपासणी होती. काकूंनी पाळी बदलून घेतली होती. त्या इस्त्रीची साडी नेसून बाकावर बसल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत काय आहे ते सांगत नव्हत्या. मी दारात उभी होते, कारण तिसऱ्याने आत बसायचं नाही असा नियम होता आणि दारात उभं राहू नये असा नव्हता.

"पाच मिनिटं स्वस्थ बसा, बोलू नका," डॉक्टर काकांना म्हणाले.

"हे जमायचं नाही त्यांना," काकू बाहेरून म्हणाल्या.

पण काका गप्प बसले. पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर पालथा, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गाडीची किल्ली. डॉक्टरांनी किल्ली बाजूला ठेवायला सांगितली. काकांनी ती टेबलावर ठेवली, हाताला लागेल इतक्या अंतरावर. दंडाला पट्टा बांधला गेला. पट्टा फुगला, सुटला. डॉक्टरांनी लिहिलं. दोन मिनिटं थांबले. पुन्हा फुगला, सुटला. पुन्हा दोन मिनिटं. बाकावर काकूंच्या पिशवीचा बंद ओढला जाऊन बोटाभोवती तीन वेढे झाले होते.

तिसऱ्यांदा पट्टा सुटल्यावर डॉक्टरांनी कागद वळवून काकांसमोर ठेवला. काकांनी चष्मा लावला आणि वरून एकेक ओळ वाचत आले. तारीख. वेळ, दहा वाजून वीस मिनिटं. पहिलं, १३८ वर ८६. दुसरं, १३६ वर ८५. तिसरं, १३४ वर ८४.

सरासरी : १३६ वर ८५.